पेंढ्याचं पाणी आणि उजवा डोळा

खोली दाखवायला अण्णा स्वतः वर आले. पाणी किती वेळ येतं, गेट कधी बंद होतं, पाहुणे चालतात की नाही, यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला वासाचं काही आहे काय?"

मी म्हटलं, "कसला वास?"

"मग नाही तुला," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

वास होता. मी नोकरीसाठी पुण्याहून नुकतीच आले होते आणि बंगळूरचे सगळेच वास मला नवीन होते, म्हणून तो वेगळा कळला नाही एवढंच. पुढच्या आठवड्यात कळला. खालच्या मजल्यावर मागच्या पडवीत एका लाकडी फळीवर लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, पाण्यात पेंढ्याचे तुकडे, तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधलेलं. भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरलं की येतो तसा वास तिथून निघून जिन्यानं वर माझ्या खोलीपर्यंत यायचा. फळीच्या शेवटी एक काळा, एका नळीचा मायक्रोस्कोप होता आणि त्याच्यासमोर एक स्टूल. स्टुलावर अण्णा. मी त्या घरात राहिले तोवर अण्णांचा चेहरा मी जितका पाहिला, त्याहून त्यांची वाकलेली मान जास्त पाहिली.

घर इंदिरानगरात, मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांच्या मागच्या गल्लीत. त्यांची मंडळी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं आलेली. "आमचं मराठी तुमच्यापेक्षा जुनं," असं ते मला ऐकवत, आणि त्या जुन्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड असे. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, एवढीच माणसं. तिला ते अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणायची. अक्का नवरा गेल्यावर फार लवकर माहेरी परत आलेल्या. अण्णांनी लग्नच केलं नव्हतं. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ड्यूटी शिफ्टची होती."

ड्यूटी बोम्मसंद्र्याला, सलाइनच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात. अण्णा तपासणी विभागात. बाटलीत जिवंत काहीही नाही, अशी खात्री करून तसं लिहायचं आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. ते रोज केलं, निवृत्त होईपर्यंत. "जन्मभर 'काही नाही' ते बघायचा पगार घेतला," ते म्हणत. "आता 'काही आहे' ते फुकट बघतो."

कारखाना सुटला तरी कारखान्याची शिस्त सुटली नव्हती. कुजक्या पाण्याचा थेंब बघायच्या आधी ते कोपरापर्यंत साबणानं हात धुवत, नखं तपासत, चपला पडवीबाहेर काढत. अक्का देवघरातून ते बघायच्या आणि माझ्याकडे वळून म्हणायच्या, "माझ्या देवाला येवढं सोवळं नाही ग."

आणि 'कोरी'. कारखान्यात म्हणे कुठल्याही तपासणीच्या जोडीला एक कोरी बाटली असायची, जिच्यात काही घातलेलंच नाही अशी. तिच्यातही काही दिसलं तर दोष मालात नाही, बघण्यात आहे, असं समजायचं. अण्णा घरीसुद्धा रोज बसल्याबरोबर उकळून गाळलेल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन आधी ती कोरी काच बघत, मग बाकीच्या. हाताखाली आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी हेच शिकवलं होतं आणि अक्कांना तर इतकं ऐकवलं होतं, की तव्यावरचा पहिला फसलेला डोसा अक्का त्यांच्याच ताटात टाकायच्या. "ही कोरी, तू खा."

पेंढा मात्र आनेकलचाच लागे, आणि तोही नाचणीचा. भाताच्या पेंढ्यात दम नाही असं त्यांचं मत. आनेकलच्या पुढं एकाच्या शेतात औषध फवारत नाहीत, म्हणून अण्णा बसनं तिथवर जाऊन भारा घेऊन येत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "इंदिरानगरात गाई पाळता काय? किती आहेत?"

"मोजल्या नाहीत अजून."

"दूध किती देतात?"

"दूध नाही देत. फिरतात नुसत्या."

कंडक्टर भाऱ्याचं तिकीट न मागताच पुढं गेला. हे अण्णांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांनी खरोखरच मोजल्या नव्हत्या.

डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी साठलेलं पाणी तपासायला आरोग्य खात्याच्या दोन बायका आल्या, तेव्हा मी घरीच होते. पडवीतल्या बरण्या बघून त्या जागच्या जागी थांबल्या. थोरली म्हणाली, "हे सगळं आत्ताच्या आत्ता ओता." अण्णांनी तिच्या हातातली टॉर्च घेऊन पहिल्या बरणीवर मारली. "डासाची एक अळी दाखवा, मी स्वतः ओततो. फडकं उगाच नाही बांधलं." अळी मिळाली नाही. मग त्यांनी दोघींना हात धुवायला लावले, चपला काढायला लावल्या आणि स्टुलावर बसवलं. थोरलीनं नळीला डोळा लावला आणि "अय्यो!" करून मागं सरकली. मग पुन्हा लावला. मग बराच वेळ उठेचना, तेव्हा धाकटीनं तिला दंडाला धरून उठवलं.

त्यातून गल्लीत बातमी पसरली, की या घरात पाणी तपासून मिळतं. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची ओरड होती, बोअर आटले होते, टँकरची वाट बघत बायका गेटावर उभ्या असायच्या. त्या बाटल्या भरभरून आमच्याकडं येऊ लागल्या. अण्णा प्रत्येक बाटलीतला थेंब मन लावून बघत आणि अगदी पडेल आवाजात सांगत, "यात काही नाही हो." बायका खूश होऊन जात आणि अण्णा उदास होऊन बसत. त्याच उन्हाळ्यात अक्का एक बादली दोन वेळा पुरवत होत्या, आणि अण्णा मात्र बरण्यांसाठी वेगळी कळशी भरून उघडी ठेवायचे, का तर नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला हवं. यावरून त्या दोघांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं, की जेवणाच्या वेळी अक्का माझ्यामार्फत बोलत होत्या. "त्याला विचार, भात त्याला वाढू, की त्याच्या कषायाला?" बरण्यांतल्या पाण्याला त्या कषाय म्हणायच्या, काढा म्हणतो तसं.

अक्कांनी त्या नळीला डोळा कधीही लावला नाही. "मला माझ्या जिवाचं पुरं झालंय, दुसऱ्यांचे बघून काय करू?" असं त्यांचं म्हणणं. मला मात्र अण्णांनी शिकवलं. घाई केली की रागवायचे. "थेंबाला वेळ दे ग पोरी. तू आलीस ते त्याला कळायला पायजे." आधी पाणी गढूळ होतं आणि वर साय धरते. मग त्या सायीवर जगणारे अगदी बारके येतात, नुसते थरथरणारे ठिपके. त्यांना खायला घेवड्याच्या दाण्यासारखे येतात. मग पॅरामेशियम, चपलेच्या तळव्यासारखा, स्वतःभोवती गिरक्या घेत जाणारा. मग काचेवरून चक्क पायांनी चालणारे. आणि एक देठावरची घंटा, जरा धक्का लागला की देठाचं स्प्रिंग करून खाली बसते आणि हळूच पुन्हा वर येते. प्रत्येकाचे दिवस ठरलेले. आधीच्यानं पाणी बदलून ठेवलं की पुढच्याला ते मानवतं. "आपलं इंदिरानगर असंच की," अण्णा म्हणायचे. "आधी रिटायर झालेले आले, मग ऑफिसं, मग हॉटेलं. बरणीत घरं विकावी लागत नाहीत, येवढंच."

एका थंडीत, मी ऑफिसला निघालेली असताना, त्यांनी मला जिन्यातच अडवलं. मी त्यांना इतक्या घाईत कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नवीन काहीतरी सापडलं होतं.

"काचेच्या मण्यांची साखळी म्हण. पाय नाहीत, तोंड नाही. नीट बघायला गेलं की बाजूला सरकतो. लाजरा आहे."

मी बघितलं. दोन पॅरामेशियम आणि पेंढ्याचा एक तुकडा. "नाही दिसत, अण्णा."

"पुण्याचा डोळा," ते म्हणाले, आणि मला बाजूला करून पुन्हा बसले.

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. कुठल्या पुस्तकात तो नाही, असं ते सांगत. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी पेन्सिलीनं त्याची चित्रं काढली. तो एका बरणीत नव्हता, सगळ्या बरण्यांत होता. काल भरलेल्या बरणीतसुद्धा होता. मग त्याच्याभोवती काजळीसारखे बारीक ठिपके दिसू लागले. अण्णा म्हणाले, पिलं. मग कडेला अधूनमधून वीज चमकल्यासारखं होऊ लागलं, तेव्हा मायक्रोस्कोपचा दिवा खराब झालाय असं ठरवून त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं दिवा बदलला, प्लग बदलला. चमकायचं थांबलं नाही. अण्णांनी इलेक्ट्रिशियनलाच नावं ठेवली. माझी आईसुद्धा बोलणार नाही इतकं भरभर ते त्या दिवसांत बोलत होते. त्यांना तसं आनंदात बघून मलाही बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. अक्का तव्यापाशी. अण्णा जेवणाच्या टेबलावर बोटानं त्या साखळीचे वळसे काढून मला दाखवत होते. अक्कांनी पहिला डोसा उलथला, तो तुटला, त्यांनी तो नेहमीसारखा अण्णांच्या ताटात टाकला आणि सहज विचारलं, "कोरी बघितलीस काय रे?"

अण्णांचं बोट थांबलं.

"बघितली असशील की," अक्का म्हणाल्या आणि पुढचा डोसा घातला.

अण्णा उठले. हात धुतले, कोपरापर्यंत. आम्ही दोघी मागोमाग पडवीत गेलो. त्यांनी नवी काच पुसली, गाळलेल्या पाण्याचा थेंब घेतला, नळीला उजवा डोळा लावला. ते नेहमी उजव्यानंच बघत. किती वेळ गेला कोण जाणे. आतून तव्यावरचा डोसा करपल्याचा वास आला, पण अक्का हलल्या नाहीत.

"आहे," अण्णा म्हणाले. "कोरीतही आहे."

त्यांनी काच काढून टाकली आणि नुसत्या उजेडाकडं बघितलं. "काच नाही, तरी आहे." मग मान वर केली आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं बघितलं. "भिंतीवर पण आहे." आणि जरा थांबून, "आणि खालनं काळं वर येतंय. पडद्यासारखं. स्वल्प."

"केव्हापासनं?" अक्कांनी विचारलं.

"काल."

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला, चपला पायात घातल्या आणि मला म्हणाल्या, "ऑटो बोलव."

ऑटोत अण्णा मधे बसले होते. उजव्या डोळ्यावर त्यांनी रुमाल धरला होता. मग ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "विसरलो म्हणून सांगता येईल. विसरलो नाही. मुद्दाम नाही बघितली."

अक्का बाहेर बघत होत्या. "का रे?"

"एकदा तरी काय तरी सापडू दे म्हटलं."

अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दवाखाना येईपर्यंत उचलला नाही. ती दोघं एकमेकांना अशी शिवलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

डोळ्याचा आतला पडदा फाटून सुटला होता. डॉक्टरीण तरुण होती आणि स्पष्ट बोलणारी. साखळी दिसली त्याच दिवशी आला असतात तर बाहेरून लेझरनं भागलं असतं, ती म्हणाली. आता ऑपरेशन, तेही आजच. पडदा जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा, तो आपोआप विरेपर्यंत थांबायचं. पहिले काही दिवस पालथं पडून राहायचं. तो विरला की त्यामागं किती नजर उरलीय ते कळेल. थोडी उरेल, बरीच उरेल, किंवा नुसता उजेड. ती आत्ता सांगू शकत नव्हती.

अण्णांनी फक्त एक विचारलं, "तोवर डावा वापरला तर चालतो?" ती चालतो म्हणाली. पण त्यांनी तो वापरला नाही. घरी आल्यावर ते दिवाणावर पालथे पडून राहिले, कपाळ उशीच्या कडेवर, नाक जमिनीकडं. अक्का जमिनीवर बसून त्यांना खालून भात भरवायच्या. बरण्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. भेटायला गेलं की मी आपणहून सांगायची, साय धरलीय, पाणी निवळतंय, तर ते नुसतं "सरी" म्हणायचे, म्हणजे ठीक आहे. जन्मात कधी मला त्या वासाची काळजी वाटेल असं वाटलं नव्हतं, पण तेव्हा वाटली. हा माणूस आता पुन्हा तिकडं जाणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं आणि मला फार वाईट वाटलं.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन त्यांच्याजवळ बसले, तर खालून आवाज आला, "गोल आहे."

"काय गोल आहे?"

"बुडबुडा. कड काळी आहे, आत स्वच्छ. मान हलवली की हलतो, पण स्वल्प मागनं." आणि लगेच कडक आवाजात, "डोळ्यातलाच आहे. माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज त्याची खबर देऊ लागले. आज लहान झाला. आज खाली गेला. आज त्याच्या वरच्या बाजूनं उजेड आला, पण पाण्याखालून दिसतो तसा. उठून बसायची परवानगी मिळाल्यावरही ते त्याच्याकडंच मान घालून बसत. एकदा मी दारातून आत येते तोच हाक आली, "अग, दोन झाले!"

अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कशाचे दोन?"

"बुडबुड्याचे. काल एक होता. फुटून दोन झाले."

"झालं," अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आता पोरंबाळं वाढवणार तो. त्यांना पण कळशी वेगळी भरू काय?"

अण्णा हसले. त्या आठवड्यांत पहिल्यांदाच हसले. मीही हसले, आणि अक्का मात्र तशाच वळून आत गेल्या. आत गेल्यावर भांडं पडल्याचा आवाज आला. बुडबुडा लहान होतोय म्हणजे काय जवळ येतंय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

तो संपला त्या दिवशी सुट्टी होती. अण्णा पडवीच्या पायरीवर बसले होते, उन्हात. मी बरण्यांची फडकी बदलत होते. त्यांनी हाक मारली नाही की काही नाही, नुसतं म्हणाले, "गेला."

अक्का कॉफीचा लोटा घेऊन येत होत्या, त्या होत्या तिथं उभ्या राहिल्या. सकाळचं ऊन थेट त्यांच्या अंगावर. अण्णांनी डावा तळहात उचलून डाव्या डोळ्यावर घट्ट दाबला आणि उजव्या डोळ्यानं समोर बघितलं. अक्कांच्या हातातल्या लोट्यातून कॉफी हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडली, ती गरम असणार, पण त्यांनी हात हलवला नाही.

"काय दिसतंय ते सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "खरं सांग."

"नाक वाकडं दिसतंय तुझं. मधे सगळं स्वल्प वाकडं येतंय." अण्णा कारखान्यात बोलत असतील तशा आवाजात बोलत होते. "दार वाकडं. लोटा वाकडा. पण आहे. कड आहे, रंग आहे." आणि मग त्यांचा आवाज बदलला. "अक्का, तुझे केस."

"काय झालं केसांना?"

"सगळे पांढरे झाले की ग. कधी झाले?"

अक्कांनी लोटा खाली ठेवला. दवाखान्यात न रडलेल्या अक्का त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. "किती वर्षं झाली त्याला," त्या मधेच म्हणाल्या. "किती वर्षं झाली रे."

डाव्या डोळ्यावरचा हात अण्णांनी बराच वेळ काढला नाही.